दुसरी खेप

पेढीवर बातमी फुटली ती माझ्याच तोंडून. जानेवारीतली गोष्ट. पत्नीच्या तपासणीसाठी अर्धा दिवस सुट्टी मागितली, मालकांनी दिली, आणि चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसत म्हणाला, "एवढ्यात दुसरं? पहिली तर अजून धड चालत नाही. तुमच्यात काय बाबा, ही सुरुवातच असायची."

माणूस वाईट नाही. माझ्या मुलीच्या अकीक्याला घरी येऊन जेवून गेलेला आहे. पण असं काही ऐकलं की माझ्या डोक्यात एक भाषण आपोआप सुरू होतं. तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात होत असेल. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात २.३६ उरली. इतकी मोठी घसरण दुसऱ्या कुठल्या धर्मसमूहात झालेली नाही. हे सगळं मी त्याला ऐकवलं. त्याने "अरे, मी गंमत केली" म्हणून बिस्किटाचा पुडा पुढे केला. आपण जिंकलो अशा थाटात मी दुपारी दवाखान्यात गेलो.

तिथे रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ८.९. गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, हे मला तिथे कळलं. डॉक्टर बाईंनी विचारलं, "लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या घेत नाही का?" पत्नी म्हणाली, "रोज घेते." "कधी घेता?" "सकाळी, चहाबरोबर."

चहाबरोबर घेतलेली लोहाची गोळी अंगाला नीट लागत नाही. चहा तिला अडवतो. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत घ्यायची नसते. हे सगळं मागच्या वेळी सांगितलेलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. डॉक्टर बाई जरा चिडल्याच. "सांगूनही चहाबरोबरच का?" पत्नी म्हणाली, "दिवसभरात तेवढ्याच वेळी खाली बसते मी."

डॉक्टर बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

आज हा लेख लिहायला बसलोय तो त्या नजरेमुळे. मुस्लिमांना मुलं किती होतात या वादात आपण इतकी वर्षं इतकी शक्ती घालवली आहे की ते मूल ज्या घरात येतं, ज्या बाईच्या पोटातून येतं, तिथे काय चाललंय याकडे बघायला आपल्याला सवड झालेली नाही. आकड्यांचं भाषण मला पाठ होतं. बायकोने गोळी कशाबरोबर घेतली ते माहीत नव्हतं. आणि याच सर्वेक्षणात पुढच्या पानांवर हेही लिहिलेलं आहे की देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२ टक्के, गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. हा आकडा सर्व धर्मांच्या बायकांचा मिळून आहे. त्यावर भाषण करणारा मला अजून कुठल्या चहाच्या टेबलावर भेटलेला नाही.

जरा आमच्या घराबद्दल सांगतो. आम्ही मिरजेचे. मी सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो. पत्नी इचलकरंजीची, तिच्या माहेरी पूर्वी यंत्रमाग होते. लग्नानंतर ती एका खासगी शाळेत शिकवत होती, पहिल्या वेळी पाचव्या महिन्यात शाळेने "पुढच्या जूनला बघू" म्हटलं आणि तो जून काही आला नाही. दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. घरात माझी अम्मी, तिला साखरेचा त्रास आहे आणि गुडघे गेलेले. आणि आमची मुलगी, जी या महिन्यात सव्वादोन वर्षांची झाली. तिचं वजन ११ किलो आहे. हा आकडा मी मुद्दाम देतोय, कारण आठव्या महिन्यातल्या बाईने दिवसातून किती वेळा ११ किलो उचलायचं हा आमच्या घरातला सध्याचा मोठा प्रश्न आहे.

पहिल्या वेळची गोष्ट वेगळी होती. सातव्या महिन्यात इचलकरंजीहून पंधरा माणसं आली. ओटी भरली, हिरव्या बांगड्या, खोबऱ्याच्या वाट्या, गजरे, फोटो. अम्मी तिला पाण्याचा तांब्या उचलू देत नव्हती. काय खावंसं वाटतं ते शेजारच्या बायका विचारून विचारून आणून देत होत्या. मग रीतीप्रमाणे ती माहेरी गेली. तिकडेच बाळंतपण झालं, चाळीस दिवसांचा चिल्ला झाला, आणखी महिनाभर राहिली. मी दर रविवारी मोटारसायकलने जायचो. सासरवाडीत जावयाचा मान असतो, मला खुर्ची दिली जायची, मुलगी आंघोळ घालून, काजळ लावून, दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली जायची. रडली की कुणीतरी आत घेऊन जायचं. अशी ती मला जवळजवळ सव्वादोन महिने आठवड्यातून एकदा, तयार अवस्थेत मिळाली. रात्री तीन वाजता मूल कसं रडतं हे मला ती मिरजेला आल्यावर कळलं. तेव्हाही मी दुसऱ्या खोलीत झोपायचो, कारण सकाळी पेढीवर जायचं असायचं.

दुसऱ्या खेपेला यातलं काही नाही. ओटी कुणी भरली नाही. "आता काय, दुसरं आहे," एवढ्यावर सगळ्यांचं समाधान. पहिल्या वेळी बाई नाजूक असते, दुसऱ्या वेळी ती अनुभवी होते, आणि अनुभवी बाईला पाणी भरता येतं, धुणं वाळत घालता येतं, मुलीला कडेवर घेऊन दोन जिने चढता येतात. शरीराच्या हिशेबाने पाहिलं तर उलट असायला हवं. पहिलीचं दूध पाजून पाजून झिजलेलं अंग, त्यात दुसरा जीव. दोन बाळंतपणांमध्ये शरीराला सावरायला वेळ मिळावा म्हणून जागतिक आरोग्य संघटना पहिल्या मुलाच्या जन्मानंतर किमान २४ महिने थांबून मग पुढचा गर्भ असावा असं सांगते. आमचं अंतर १९ महिन्यांचं. ठरवून झालेलं नाही. "अल्लाहची मर्जी" असं सगळ्यांनी म्हटलं, मीही म्हटलं. पण पाच महिन्यांची घाई अल्लाहने केलेली नव्हती. काळजी मी घ्यायला हवी होती, मी घेतली नाही.

दूध तोडण्याचा प्रसंग मला विसरता येत नाही. मुलगी वीस महिन्यांची होती. दिवस गेल्याचं कळताच अम्मीने फर्मान काढलं, "पेट से है, अब दूध छुड़ाव. बच्चीकू बाधता." हे आपल्याकडे घरोघरी मानलं जातं, हिंदू शेजाऱ्यांकडेही. पोटुशीचं दूध अंगावरच्या मुलाला बाधतं, मूल किरकिरं होतं, सुकतं. कडुनिंबाचा पाला वाटून लावला. मुलीने तोंड लावलं, थुंकली, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड लावलं. चार रात्री रडली. पत्नीही रडली. मी मधल्या दारापर्यंत गेलो आणि परत येऊन झोपलो.

नंतर मी याबद्दल वाचायला लागलो. इथे एक गोष्ट मुस्लिम वाचकांना मुद्दाम सांगायची आहे. सहीह मुस्लिममध्ये 'गीला'बद्दल एक हदीस आहे. अंगावर पाजणाऱ्या बाईशी संबंध ठेवणं, आणि काही विद्वानांच्या अर्थाने गरोदरपणात पाजत राहणं, याला अरब गीला म्हणत. त्यानेही मुलाला अपाय होतो असा समज होता. प्रेषितांच्या मनात ते मना करावं असं आलं होतं. मग त्यांनी पाहिलं की रोमन आणि इराणी लोक हे करतात आणि त्यांच्या मुलांना काही होत नाही. म्हणून त्यांनी मना केलं नाही. मला ही हदीस फार आवडते. दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या देशाच्या घरांत मुलं कशी वाढतात हे पाहून आपला समज तपासणं, हे त्यात आहे. आमच्या मोहल्ल्यात मात्र तोच समज "आपल्याकडे असंच असतं" म्हणून चालतो. डॉक्टर बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अडचणीचं गरोदरपण नसेल तर पाजायला हरकत नव्हती. फक्त तिला पोटभर खायला आणि झोपायला मिळायला हवं होतं." कुरआनात दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे आणि त्या काळात आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकला आहे. आम्ही दुधाची मुदत चार महिने आधी संपवली. ज्याची जबाबदारी होती तो मधल्या दारातून परत फिरला.

मार्चमध्ये रमजान आला. तिला सहावा महिना. गरोदर आणि पाजणाऱ्या बाईला रोजा न ठेवण्याची सवलत आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यात हिमोग्लोबिन कमी. तिने रोजे ठेवले नाहीत, कुणी काही बोललंही नाही. आम्ही सगळे मनाने मोठे झालो होतो. पण पहाटे चारला सहरीसाठी तीच उठायची, कारण अम्मीला गोळ्यांआधी गरम भाकरी लागते आणि मला चहा. भांड्यांच्या आवाजाने मुलगी उठायची. ती एकदा उठली की सात वाजेपर्यंत झोपत नाही. साडेतीनपासून संध्याकाळी भजी, फळं कापणं, शरबत, शेजारी पाठवायच्या ताटल्या. आमच्या घरात तिला रोजा माफ होता, इफ्तारी माफ नव्हती. बाराव्या की तेराव्या रोजाला मी पेढीवरून लवकर आलो. ती स्वयंपाकघरात ओट्याला पोट टेकवून उभी होती, एका हाताने झारा, दुसऱ्या हाताने पायाला बिलगलेल्या पोरीला कढईपासून मागे ढकलत होती. घरात त्या वेळी रोजा नसलेली मोठी माणसं एकच होती, आणि काम करणारीही तीच.

त्या दिवसापासून इफ्तारी मी करायला लागलो. फार काही नाही. खजूर, कलिंगड, उकडलेले चणे. भजी बंद. अम्मीने दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग तिच्या साखरेला तेच बरं आहे हे तिला पटलं. आणि मी पेढीवर, मशिदीत, फोनवर सांगायला लागलो, "आजकाल मी घरात मदत करतो." लोक कौतुक करायचे. एकाने तर "सुन्नत आहे" म्हणून पाठ थोपटली.

मला आता हा 'मदत' शब्द खटकतो. मदत आपण दुसऱ्याच्या कामात करतो. शेजाऱ्याचं सामान वर चढवायला हात लावला तर ती मदत. माझ्या मुलीला भरवलं, तिचं धुतलं, तिला झोपवलं तर मी कुणाचं काम केलं? पत्नी कधी म्हणत नाही की ती घरात मदत करते. तिच्या कामाला कुणी सुन्नत म्हणत नाही, पाठही थोपटत नाही. मी कांदा चिरला की तो इबादत होतो.

प्रेषितांची उदाहरणं बयानांत येतात. घरात ते काय करत असं विचारल्यावर हजरत आयेशा यांनी सांगितलं की घरच्यांच्या कामात असत, नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. बुखारीत आहे हे. नात उमामा हिला खांद्यावर घेऊन त्यांनी नमाज पढवली, सजद्याला जाताना खाली ठेवायचे, उठताना पुन्हा उचलायचे. मागच्या सफीतून लेकराचं रडणं ऐकू आलं तर आईचा जीव कासावीस होऊ नये म्हणून नमाज आटोपती घ्यायचे. हे ऐकताना सगळ्यांचे डोळे ओले होतात. दोन महिन्यांपूर्वी मी मुलीला घेऊन जुम्याला गेलो, पत्नीला दीड तास पाठ टेकायला मिळावी म्हणून. खुतब्यात ती सफींच्या मधून पळाली, एकाची टोपी ओढली, "अब्बा, वो देखो पंखा" असं मोठ्याने ओरडली. नमाज संपल्यावर दोन बुजुर्गांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की लहान पोरं घरी, आईजवळ शोभतात. उमामाची गोष्ट त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकलेली असणार. मी काही बोललो नाही. पुढच्या जुम्याला मी तिला घेऊन गेलो नाही, हेही कबूल करतो. त्यानंतरच्या जुम्याला घेऊन गेलो आणि शेवटच्या सफीत, चपलांच्या कपाटाजवळ बसलो. आता तिथेच बसतो. तिथे आणखी एक बाप यायला लागला आहे, त्याचा मुलगा माझ्या मुलीपेक्षा दंगेखोर आहे, त्यामुळे आमची बाजू जरा सावरली.

फिकहबद्दलही एक आश्चर्य. शाफई फकीहांनी स्वयंपाक, धुणं, झाडलोट ही पत्नीची कायदेशीर जबाबदारी मानलेली नाही. कोकणातले आपले बहुतेक भाऊ शाफई. आम्ही घाटावरचे हनफी, आमच्याकडे ते तिचं नैतिक कर्तव्य समजतात. मी माझ्या रत्नागिरीच्या मित्राला फोन करून विचारलं, "तुमच्याकडे मग भांडी कोण घासतं?" तो म्हणाला, "मजहब शाफई असला तरी भांडी हनफीच आहेत." हसलो दोघेही. पण तलाक, पोटगी, पडदा या विषयांवर ज्यांना पान आणि ओळ पाठ असते, त्यांना ही पानं कुणी उघडून का दाखवत नाही, हा प्रश्न मी हसून सोडायला तयार नाही.

सरकारचंही तेच. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची झाली. ती नोकरीतल्या बाईला, आणि तीही मिळाली तर. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापासाठी देशात कायदाच नाही. आपल्या हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व रजेचं खासगी विधेयक मांडलं होतं, सर्व क्षेत्रांतल्या बापांसाठी. ते मंजूर झालं नाही. सातवही २०२१ मध्ये गेले. मी मालकांकडे जूनमध्ये पंधरा दिवस मागितले आहेत. ते म्हणाले, "बाळंतपण तिचं, रजा तुला कशाला?" मग विचार करून म्हणाले, "हंगाम संपलेला असेल, दहा दिवस जा. पण बिनपगारी." हे पुष्कळ झालं असं यार्डात सगळे म्हणतात.

आता ज्या भांडणामुळे हे लिहायला उशीर झाला ते सांगतो. एवढं सगळं उमगल्यावर मी एक दिवस घरात जाहीर केलं की या वेळी बाळंतपण मिरजेलाच करायचं. माझं म्हणणं असं की माहेरी पाठवण्याची रीत बापाला सगळ्यातून मोकळं करते. शिवाय आमची मुलगी. सातव्या महिन्यात तिला इचलकरंजीला नेलं तर तिचं घर जातं, बाप जातो, जिन्यातली मांजर जाते, आणि बदल्यात एक रडणारं बाळ मिळतं जे आईच्या कुशीतली तिची जागा घेतं. दोन वर्षांच्या जिवाला हे एकदम कसं झेपेल? सध्याच ती रात्री झोपेत आईच्या पोटावर हात ठेवून चाचपते आणि "मेरा, मेरा" म्हणते. पोट तिचं की बाळ तिचं, आम्हाला कळत नाही.

मला वाटलं पत्नी खूश होईल. ती गप्प राहिली. रात्री म्हणाली, "तुम्हाला बाप व्हायचंय ते चांगलं आहे. पण मला माझी आई पाहिजे."

मी समजावायला लागलो. तिने थांबवलं. "तिथे मला कुणी विचारत नाही पडून का आहेस म्हणून. इथे तुम्ही कितीही केलंत तरी मी उठून बघणारच, अम्मी जेवल्या का, दूध उतू गेलं का. तुमच्या घरात मला पडून राहता येत नाही." चार वर्षांनंतरही तिने 'तुमच्या घरात' म्हटलं, हे मला रात्रभर टोचत राहिलं. माहेर ही बापाला मोकळं करणारी रीत आहे, हे माझं मत आजही आहे. पण ते मत बनवताना मी हे पाहिलंच नव्हतं की सासरी काम करता करता थकलेल्या बाईला अंग टाकायला आपल्या समाजाने एवढी एकच जागा ठेवली आहे, आणि माझ्या तत्त्वासाठी मी तीच काढून घेत होतो. बापाने शिकायचं असेल तर त्याची फी आईने भरायची का?

मग मधला मार्ग निघाला, तोही तिनेच काढला. तिची अम्मी इथे आली तर? इचलकरंजीच्या अम्मींना विचारलं. त्या लगेच नाही म्हणाल्या. मुलीच्या घरी जाऊन महिना-दीड महिना राहायचं, दामादच्या हातचं खायचं, लोग क्या बोलेंगे. माझ्या अम्मीलाही ते फारसं रुचलं नाही. "मेरे होते वो कायकू?" असं ती दोनदा म्हणाली. तिची भीती मला समजते, तिच्या घरात तिला कुणी निकामी ठरवू नये. मी तिला म्हटलं, बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं तुझ्याकडेच राहील, ते त्यांना करू देणार नाही. यावर ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने पेटीतून जुनी मऊ सुती लुगडी काढली आणि दुपट्यांसाठी फाडायला घेतली.

दोन जिने अजून आहेतच. पण मुलीला आता मी आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा मिळून चढवतो-उतरवतो, आणि दुपारी तिला भूक लागली की ती आधी माझं नाव घेते, मी पेढीवर असलो तरी. पत्नीची लोहाची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर असते. ती मी देतो, कारण त्या वेळी ती झोपलेली असते आणि तिला उठवावं लागतं. दवाखान्यात सलाइनमधून लोह दिलं, त्यानंतर मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आलं. डॉक्टर बाईंनी या वेळी माझ्याकडे पाहिलं नाही, मला ते बरं वाटलं.

तारीख जूनच्या मध्याची आहे. इचलकरंजीहून अजून हो आलेलं नव्हतं. काल संध्याकाळी पत्नी पाय वर करून पलंगावर पडली होती, फोन उशाशी, आवाज मोठा. मी खाली बसून मुलीला खिमटी भरवत होतो. आईशी इकडचं तिकडचं बोलणं चाललं होतं, लूम विकलेल्या मामूंचं, कुणाच्या तरी निकाहचं. मग पलीकडून अम्मींनी विचारलं, "तुमारे उधर नलकू पानी कित्ते बजे आता गे?"

पत्नी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "सांग, पहाटे पाचला. पण भरायला मी उठतो."